नाग नदीकाठच्या बागेला दारं किती?

आमच्या गल्लीच्या टोकाला नाग नदीची भिंत आहे आणि त्या भिंतीला एक भगदाड आहे. आम्ही नागपूरच्या पूर्व भागात, नंदनवनच्या बाजूला राहतो, ज्यांना शहराचा हा भाग माहीत आहे त्यांना अशी भगदाडं ओळखीची असतील. कोणी पाडलं ते कोणालाच सांगता येत नाही, पण गल्लीतल्या पोरांनी त्यात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांमध्ये माती भरून तीन पायऱ्या केल्यात, वरच्या पायरीवर कडप्प्याचा एक तुकडा बसवलाय, आणि रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास माझी आत्या त्या कडप्प्यावर जाऊन बसते. वय ७१, दोन्ही गुडघे गेलेले, खाली उतरायचा प्रश्नच नाही. घरून निघताना म्हणते, "पानी वाहून राहिलं का नाई, पाहून येतो." आणि खरंच तेवढंच पाहून येते, अर्धा तास बसून.

वास येतो ना, येतो. उन्हाळ्यात तर नाकाला पदर लावल्याशिवाय बसता येत नाही, कारण पावसाळा सोडला तर या नदीतून वाहतं ते बहुतेक शहराचं सांडपाणीच. तरी ती जाते, पलीकडच्या काठावर एक उंबर आहे, त्यावर बगळे येऊन बसतात, पोरं खालच्या गाळात अडकलेला बॉल काठीने ओढत असतात, थोडी हवा लागते. तिच्यासाठी घराबाहेर पडून पायी पोचता येईल अशी दुसरी मोकळी जागाच नाही. मला जे सांगायचंय ते सगळं त्या कडप्प्याच्या तुकड्यापासूनच सुरू होतं.

नाग नदी स्वच्छ करायचा मोठा प्रकल्प केंद्राने मंजूर केलाय, सुमारे १९२७ कोटींचा, जपानच्या जायका या सरकारी संस्थेच्या कर्जातून, त्यात सांडपाणी शुद्ध करणारे नवीन एसटीपी आहेत, सिवर लाइनी आहेत, नदीत सुटणारं घाण पाणी आधीच अडवून वळवायची व्यवस्था आहे. हे व्हायलाच पाहिजे आणि लवकर व्हायला पाहिजे, त्याबद्दल माझा काही वाद नाही. पण नदी स्वच्छ होणार म्हटलं की लगेच पुढचा शब्द येतो तो म्हणजे रिव्हरफ्रंट, आणि तो शब्द आला की चित्रं येतात, दगडी फरशी, रांगेत लावलेले पाम, रंगीत लाइट, एक मोठी कमान, कमानीखाली फुगे घेतलेलं एक कुटुंब. अशी चित्रं बघताना मी एकच गोष्ट शोधते की या कमानीच्या आधी आणि कमानीच्या नंतर आत यायला रस्ता कुठे आहे, आणि तो मला कधीच सापडत नाही. बाग कितीही सुंदर करा, माझा पहिला प्रश्न हाच राहणार की तिला दारं किती, कुठे, आणि ती दारं कोणाच्या गल्लीत उघडणार.

एकदा नदीचा रस्ता डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला लावा गावाच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरी तलाव, तिथून अंबाझरी ले-आउट, रामदासपेठ, पंचशील चौक, झाशी राणी चौक, मोरभवन, मग अशोक चौक, मग आमचा भाग, हिवरी नगर, पारडी, आणि पुढे पावनगावजवळ पिवळी नदी तिला येऊन मिळते. शहरातली लांबी सतरा किलोमीटरच्या आसपास. पुढे हे पाणी कन्हानला, कन्हानचं वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्द धरणाला जातं, म्हणजे आपण जे सोडतो ते भंडाऱ्याच्या लोकांच्या वाट्याला येतं, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. या सतरा किलोमीटरमध्ये नदी एकच असली तरी काठ दोन वेगवेगळ्या शहरांचे आहेत. पश्चिमेला तिच्या आजूबाजूला अंबाझरी गार्डन आहे, जरा पुढे फुटाळा, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स, म्हणजे सकाळी फिरायला जायचं तर आज कुठे जायचं असा प्रश्न पडतो. पूर्वेला घरं एकमेकांना चिकटून, गल्ल्या आठ-दहा फुटांच्या, आणि मोकळी जागा म्हणजे एखाद्या मंदिरासमोरचं अंगण नाहीतर शाळेचं मैदान तेही शाळेची मर्जी असेल तर.

काम मात्र पश्चिमेकडूनच सुरू होईल अशी मला भीती आहे. तिथे पाणी त्यातल्या त्यात बरं, जागा रुंद, फोटो चांगला येतो, उद्घाटनाला गाड्या लावायला जागा आहे. पहिल्या टप्प्यात पैसे संपतात, दुसरा टप्पा कागदावर राहतो, हे आपण कितीतरी कामांत पाहिलंय. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की काठावरच्या बागेचा पहिला टप्पा अशोक चौक ते पारडी असावा. ज्यांच्याकडे आधीच चार बागा आहेत त्यांना पाचवी दोन वर्षं उशिरा मिळाली तर काही बिघडत नाही, ज्यांच्याकडे एकही नाही त्यांच्या पोरांचं बालपण त्या दोन वर्षांत निघून जातं.

आता दारांबद्दल, कारण तिथेच सगळं ठरतं. समजा काठाने दोन किलोमीटरची बाग केली आणि तिला एक-एक किलोमीटरवर गेट ठेवलं, ऐकायला बरं वाटतं. पण ज्याचं घर दोन गेटांच्या बरोबर मध्ये आहे त्याला आधी अर्धा किलोमीटर रस्त्याने चालायचं, मग आत शिरून अर्धा किलोमीटर परत यायचं तेव्हा तो स्वतःच्या घरामागच्या पाण्यासमोर उभा राहणार, आणि घरी जाताना तेवढंच पुन्हा. माझ्या आत्याला हे दोन किलोमीटर झेपणार आहेत का? आज ती ज्या पाण्यासमोर चौतीस पावलांत पोचते, बाग झाल्यावर तेच पाणी तिला कायमचं बंद होईल, कारण काम सुरू झालं की सगळ्यात आधी ते भगदाड बुजवलं जाणार. बाग झाली आणि नदी दूर गेली, असं होऊ शकतं हे कोणाच्या लक्षातच येत नाहीये.

माझी मागणी साधी आहे. आज जी जी गल्ली नदीच्या भिंतीला जाऊन थांबते त्या प्रत्येक गल्लीच्या टोकाला उघडी वाट ठेवा. कमान नको, नावाची पाटी नको, चार फुटांची सपाट जागा, मोटरसायकल शिरू नये म्हणून मध्ये एक-दोन खांब पण व्हीलचेअर जाईल एवढं अंतर ठेवून, एक दिवा, एक बाक. आणि जिथे लोकांनी स्वतःच भगदाडं पाडून वाटा केल्यात त्या सगळ्यांची आधी यादी करा, कारण लोकांना कुठून जायचंय ते त्यांनी पायांनी लिहून ठेवलंय, त्यासाठी कन्सल्टंटची गरज नाही. पुलांचंही तसंच, आपल्या नदीवर जागोजागी पूल आहेत आणि प्रत्येक पुलाशी काठाची वाट तुटते, चालणाऱ्याला वर रस्त्यावर यायचं, ट्रॅफिकमधून पलीकडे जायचं, पुन्हा खाली उतरायचं. जिथे उंची मिळते तिथे पुलाखालून वाट न्या आणि प्रत्येक पुलाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरायची सोय करा, नाहीतर सतरा किलोमीटरच्या बागेचे पंचवीस तुकडे होतील आणि कोणीही आपल्या तुकड्याच्या बाहेर जाणार नाही.

इथे लोक लगेच म्हणतात की एवढी दारं ठेवली तर दारुडे येऊन बसतील, गर्दुल्ले येतील, बायकांनी जायचं कसं, गेट पाहिजे, गार्ड पाहिजे, रात्री कुलूप पाहिजे. ही काळजी मी उडवून लावत नाही कारण ती माझीही आहे. पण माझा अनुभव उलटा आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका बंदिस्त वॉकिंग ट्रॅकवर मी रोज जायची, एका बाजूला कंपाउंड, दुसऱ्या बाजूला जाळी, लांबलचक सरळ पट्टा. एका संध्याकाळी दोन मुलं मागे लागली, आधी हसत होती मग जवळ यायला लागली, मी झपाझप चालत पुढच्या गेटपर्यंत पोचले तर गेटला कुलूप, सात वाजले होते म्हणून लावून गेले होते. परत फिरायचं तर त्याच दोघांच्या अंगावरून. त्या गेटच्या गजांना धरून मी रस्त्यावरच्या एका भाजीवाल्या मावशीला हाक मारली, ती हातातलं तराजू तसंच घेऊन धावत आली आणि मोठ्याने ओरडली तेव्हा ती दोघं वळली. मला वाचवलं ते पलीकडे माणूस होतं म्हणून, गेटने तर मला आत अडकवलंच होतं. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे, बाईला सुरक्षित वाटतं ते दर पन्नास-शंभर पावलांवर बाहेर पडायची वाट दिसते तेव्हा, आणि त्या वाटेच्या टोकाला कोणाचं तरी घर, दुकान, इस्त्रीवाला, काहीतरी चालू असतं तेव्हा.

आज नदीकाठ असुरक्षित वाटतो कारण सगळ्या घरांची पाठ नदीकडे आहे. संडासाच्या खिडक्या तिकडे, राखेचे ढिगारे तिकडे, तुटलेलं फर्निचर तिकडे. नदी म्हणजे मागचा नाला, आमच्याकडे अजूनही कितीतरी लोक नदी म्हणत नाहीत, नाल्यावर चाललो असंच म्हणतात. जिथे एक वाट उघडेल तिथे दोन वर्षांत कोणीतरी मागची भिंत फोडून खिडकी करेल, कोणी चहाची टपरी लावेल, कोणी म्हातारा खुर्ची टाकून बसेल. एवढे डोळे कुठलाच गार्ड पुरवू शकत नाही. दिवे आणि रात्रीची गस्त तरीही पाहिजेच, ते मी सोडत नाही.

मग तिकिटाचं येतं. मेन्टेनन्सचा खर्च कुठून काढायचा म्हणून दहा रुपये तिकीट ठेवा, शिस्त पण राहते, असं शिकले-सवरलेले लोक सहज म्हणतात. घरात चार माणसं असतील तर चाळीस रुपये एका संध्याकाळचे, महिन्याचे बाराशे, आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या बाईला एका घराचे महिन्याला तेवढे मिळतात. ती येणार नाही, आणि मग आपणच म्हणणार की बघा हे लोक बागेचा उपयोग करत नाहीत. नदी सरकारी, काठ सरकारी, कर्ज फेडणार आपण सगळे, मग चालायचे पैसे कशाचे? पैसे उभे करायचे तर गाड्यांच्या पार्किंगचे घ्या, तर्री पोह्याच्या आणि रसवंतीच्या स्टॉलचं भाडं घ्या, पायी येणाऱ्या माणसाकडून घेऊ नका. आणि वेळा! सकाळी दहा ते दुपारी चार बाग बंद हा नियम कोणासाठी केलेला आहे ते मला कळत नाही, मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना ज्याच्या घरावर टिन आहे त्याला सावलीची गरज नेमकी दुपारीच असते. म्हणून पाम नकोत, कडुनिंब लावा, करंज लावा, पाण्याच्या कडेला अर्जुन, उंबर, जांभूळ, ज्यांची मुळं काठ धरून ठेवतात आणि ज्यांच्याखाली खरोखर झोपता येतं.

जे पायऱ्या चढू-उतरू शकत नाहीत त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा विषय नेहमी शेवटी येतो आणि शेवटी आला की जागाच उरलेली नसते. सेऊलमध्ये चेओंग्गेचेओन म्हणून एक ओढा आहे, त्याच्यावर रस्ता आणि त्याहीवर उड्डाणपूल होता, तो सगळा काढून २००५ मध्ये साडेपाच-सहा किलोमीटरचा ओढा पुन्हा मोकळा केला, जगभर नाव झालं, पण सुरुवातीलाच तिथल्या अपंग लोकांनी तक्रार केली की खाली उतरायचं कसं, आमच्यासाठी वाटाच पुरेशा नाहीत. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता आली पाहिजे हे त्यात आहे. आता हिशोब करा. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा हे नेहमीचं माप. आमच्या भागात काठापासून पात्र कुठेकुठे तीन मीटर तरी खाली आहे. म्हणजे नुसता रॅम्पच छत्तीस मीटर लांब, मध्ये थांबायला सपाट टप्पे धरले की चाळीसच्या वर. चाळीस मीटर म्हणजे आमच्या गल्लीतली सात-आठ घरं! एवढी लांबी नंतर कुठून आणणार? ती मिळते फक्त भिंतीची रेघ आखतानाच, भिंत जरा मागे घेऊन काठ उतरता ठेवला तर रॅम्प काठाला समांतर जाऊ शकतो आणि तोच सगळ्यांचा रस्ता होतो, म्हाताऱ्यांचा, बाबागाडीचा, सायकलवाल्या पोराचा. सरळ उभी काँक्रीटची भिंत बांधली की मग पुढची पन्नास वर्षं लोखंडी जिने जोडत बसायचं. म्हणून मी म्हणते की कोण कसा आत येणार हे सिवर लाइनच्या नकाशासोबतच ठरलं पाहिजे, त्या लाइनी, ते चेंबर, ती भिंत, सगळं त्याच चिंचोळ्या पट्टीतून जाणार आहे, एकदा काँक्रीट पडलं की संपलं.

उभी भिंत पाहिजे असं म्हणणाऱ्यांचं एक मोठं कारण आहे पूर, आणि ते कारण खरं आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलेलं नाही. चारेक तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटमध्ये झोपलेल्या माणसांच्या पलंगापर्यंत पाणी, मोरभवनच्या बस पाण्यात, माणसं गेली, पंचशील चौकातल्या पुलाचं नुकसान झालं. आमच्याकडे पाणी गल्लीत गुडघ्यापर्यंत आलं आणि तेव्हा त्या भगदाडातूनच आलं, हे मी लपवत नाही. पण ते परत गेलं तेही त्याच भगदाडातून, आणि पुढच्या गल्लीत जिथे भिंत अखंड होती तिथे रस्त्याचं पाणी भिंतीमागे तुंबून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरांत उभं होतं. भिंत नदीला बाहेर ठेवते तशी शहराच्या पाण्याला आतही कोंडते. हा मुद्दा इंजिनिअर लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळतो, तरी मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय.

या बाबतीत मला साबरमतीचं उदाहरण वारंवार ऐकावं लागतं. अहमदाबादची नदी केवढी आणि आपली केवढी! तिथे पात्र आखून सगळीकडे सुमारे २६३ मीटर रुंद केलं, आपलं कितीतरी ठिकाणी मोठ्या रस्त्याएवढंही नाही. तिथे पाणी भरायला नर्मदेचा कालवा आहे, आपल्याकडे पेंच धरणाचं पाणी प्यायलाच जपून वापरावं लागतं. आणि तिथे काठावरची दहा हजारांच्या वर कुटुंबं उठवून दूर नेली गेली, म्हणजे नदीशी ज्यांचा रोजचा संबंध होता तेच बागेतून बाहेर. नाशिकला गोदापार्क पुराने कसा उखडला तेही महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. मला त्याऐवजी सिंगापूरचं एक उदाहरण जवळचं वाटतं, कलांग नदीचा बिशानमधला तुकडा. तो आपल्यासारखाच एक सरळसोट काँक्रीटचा नाला होता, २.७ किलोमीटरचा, २०१२ पर्यंत त्यांनी ते काँक्रीट काढून नदीला वळणं दिली आणि शेजारची बागच तिची पूरजमीन करून टाकली. कोरड्या दिवशी लोक पार पाण्यापर्यंत गवतावरून चालत जातात, पाऊस आला की पाणी पसरतं आणि बाग काही तास नदी होते. त्यासाठी पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आहेत, भोंगा वाजतो, लाइट लागतात आणि लोक वर जातात. वर जातात म्हणजे कुठून? बाग उतरती आणि मोकळी आहे म्हणून चहूबाजूंनी जातात. आपल्या नदीचं पाणी तासाभरात चढतं, अंबाझरी भरलेला असेल तर त्याहून लवकर, अशा वेळी किलोमीटरवर एक गेट असलेल्या भिंतींच्या मध्ये संध्याकाळी फिरायला आलेली शंभर माणसं आणि पोरं असतील तर काय होईल याचा विचार नकाशा काढणाऱ्याने झोपायच्या आधी करावा. दर गल्लीची वाट मला पाहिजे त्याचं हे दुसरं कारण.

आपल्याकडे निळी पूररेषा आणि लाल पूररेषा आहेतच, पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर आणि शंभर वर्षांतून एकदा येईल असा. निळ्या रेषेच्या आत गवत, झाडं, मुरमाची वाट, दगडी ओटे, बस. कॅफे नको, फूड कोर्ट नको, म्युझिकल फाउंटन नको, ट्रान्सफॉर्मर तर अजिबात नको. पाणी येऊन गेलं की दोन दिवसांत झाडून-धुऊन परत वापरता येईल एवढंच तिथे असावं.

काठावरच्या वस्त्यांचं काय, हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि मी त्यावर कितीदा तरी मत बदललंय. पूर्वी मी म्हणायची की कोणालाच हलवू नका. २०२३ नंतर तसं म्हणवत नाही, अगदी पात्राला लागून, पाण्याच्या तोंडावर असलेल्या घरांत पोरांना झोपवणं बरोबर नाही. पण त्यांना हलवायचं तर त्याच भागात, पायी कामावर जाता येईल, शाळा बदलावी लागणार नाही एवढ्या अंतरावर, आणि आधी घर मग हलवणं. शहराच्या टोकाला फेकून दिलं तर नदीकाठी जी हिरवळ होईल ती त्यांच्या चुलीच्या जागेवर असेल आणि तिथे यायला त्यांना दोन बस बदलाव्या लागतील. ही बाग मग मला तरी आवडून घेता येणार नाही.

एक गोष्ट अजून, जी मी फार कमी ठिकाणी ऐकते. सांडपाणी अडवलं की डिसेंबरनंतर या नदीत पाणी कुठून येणार? भांडेवाडीच्या प्लांटमध्ये शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, ते चांगलंच आहे, तेवढं चांगलं पाणी वाचतं. पण शुद्ध केलेल्या पाण्यातला काही हिस्सा नदीत परत सोडायचा, आणि तो वरच्या अंगाला सोडायचा म्हणजे पूर्ण शहरातून वाहत येईल, हे आताच लिहून घेतलं नाही तर उन्हाळ्यात आपल्याला सतरा किलोमीटरची कोरडी नाली मिळेल आणि तिच्या काठाला रंगीत दिवे. आत्या रोज जे पाहून येते तेच मग नसेल.

दर उन्हाळ्यात नदी सफाई होते, पोकलेन येतात, गाळ निघतो, तो कधी वेळेवर उचलला जातो कधी काठावरच राहतो आणि पहिल्या पावसात परत आत. या वर्षी पोकलेन आमच्या भगदाडापाशी आलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, काकू उठा, पायऱ्या निघतील आता. आत्या उठली नाही. म्हणाली, "बापू, तू तुह्या कामाले लाग, मी बाजूले सरकतो, पायऱ्या राहू दे." त्याने खरंच पोकलेनचा हात लांबून फिरवला आणि पायऱ्या राहिल्या, एक पोतं फाटलं होतं ते पोरांनी संध्याकाळी बदललं.

मी आमच्या गल्लीपासून दोन्ही बाजूंनी चालत गेले दोन रविवार, हातात टेप आणि वही घेऊन. अर्ध्या किलोमीटरमध्ये अशा अकरा जागा सापडल्या. चार भगदाडं, तीन ठिकाणी भिंतच संपते, दोन जुने घाट बुजलेले, एक मंदिरामागची वाट आणि एक ठिकाणी कोणीतरी लोखंडी शिडी लावलीय. प्रत्येकाचा फोटो, गल्लीचं नाव आणि काठापासून पात्राची खोली लिहून मी ते नदीकाठच्या कामाबद्दलच्या हरकती-सूचनांमध्ये देणार आहे. तुम्ही नदीकाठी राहत असाल, हिवरी नगरला, पारडीला, कुठेही, तर तुमच्या अर्ध्या किलोमीटरचं तुम्ही करा, दोन सकाळी लागतात, आणि सोबत घरातलं एखादं म्हातारं माणूस न्या, कारण पायरी किती उंच आहे हे टेपपेक्षा त्यांना नीट सांगता येतं.